तिला काहीच होत नाही, अशी एक गोष्ट करा

मराठी चित्रपट लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यासाठी पैसा उभा करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेली २२ वर्षं नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे आहेत. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुली मी रोज बघते, ऐकते. त्या वहीत काय लिहितात ते तपासते आणि वहीच्या शेवटच्या पानावर काय लिहितात तेही मला ठाऊक असतं. तेवढ्या अधिकाराने हे पत्र लिहिते आहे.

निमित्त असं झालं. माझी एक जुनी विद्यार्थिनी दिवाळीत घरी आली होती. आता ती पुण्यात असते, लिहिते. तिने एक पटकथा लिहिली आहे. दहावीतली मुलगी, तिचं घर, आणि शाळेच्या निरोप समारंभाला तिला साडी नेसायची आहे म्हणून त्या घरात आठवडाभर उडालेली धांदल. ती पटकथा घेऊन ती एका निर्मात्यांकडे गेली. त्यांनी चांगलं वागवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये मनापासून हसलेही. शेवटी म्हणाले, "छान आहे. पण पुढे तिचं काय होतं?"

"काही नाही. समारंभ होतो, ती घरी येते. मार्चमध्ये परीक्षा देते."

"हो, पण तिला काहीतरी व्हायला हवं ना? प्रेमात पडते, पळून जाते, घरचे लग्न ठरवतात... काहीतरी! नाहीतर गोष्ट कुठाय?"

ती हे सांगून लाडू खायला लागली. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही. तिला काहीतरी व्हायला हवं. रात्री आडवी पडले आणि गेल्या काही वर्षांत पाहिलेले आपले चित्रपट एकेक करून आठवत बसले. जितके आठवत गेले तितकं लक्षात आलं, की त्या गृहस्थांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडची रीतच त्यांनी सांगितली होती. पडद्यावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीला काहीतरी होतंच. मुलाला मात्र काही झालं नाही तरी चालतं. तो नुसता मोठा झाला तरी त्याची गोष्ट होते.

वयात येणाऱ्या मुलाची गोष्ट मराठी चित्रपटाने किती प्रेमाने सांगितली आहे! २०१२ साली 'शाळा' आला. नववीतला जोशी, आणीबाणीचा काळ, ती गच्ची, ते वर्गातले बाक. वर्गातली शिरोडकर दिसली की त्याच्या पोटात काय होतं ते आम्हां सगळ्यांना कळलं. २०१३ मध्ये 'बालक-पालक', २०१४ मध्ये 'टाइमपास' आणि 'फँड्री', २०१५ मध्ये 'किल्ला', अलीकडे २०२३ मध्ये 'आत्मपॅम्फलेट'. एकापेक्षा एक. यातला एकही चित्रपट नसता तर चाललं असतं, असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना समजून घ्यायला मला या चित्रपटांनी मदत केली आहे.

पण या सगळ्यांत मुलगी कुठे बसली आहे ते बघा. ती समोरच्या रांगेत आहे. दोन वेण्या, रिबिनी, मान किंचित वळलेली. तिच्याकडे कोणीतरी बघतंय आणि त्या बघणाऱ्याची गोष्ट आपण बघतोय. 'फँड्री'तला जब्या शालूसाठी काय काय करतो! काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो. शालूच्या मनात त्या काळात काय चाललं होतं, ते आपल्याला कधी कळत नाही. त्या चित्रपटाला जे सांगायचं होतं त्यासाठी ते तसंच असायला हवं होतं, हेही मला समजतं. माझी तक्रार त्या एका चित्रपटाशी नाहीच. शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा जोशीचं बालपण संपतं. शिरोडकरचं तेव्हा काय संपलं, नव्या गावात पहिल्या दिवशी ती कुणाशेजारी बसली, डबा एकटीने खाल्ला का, हे विचारणारा चित्रपट मराठीत यायचा राहिलाय एवढंच म्हणते. आणि शिरोडकर तर नायिका. मिलिंद बोकीलांच्या मूळ कादंबरीत जोशीची थोरली बहीण आहे, तो तिला अंबाबाई म्हणतो. घरात त्याच्याशी भांडते, त्याच्या चोऱ्या पकडते. मी ती कादंबरी मुलींना वाचायला देते तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त ही अंबाबाई आवडते. एकीने मला विचारलं होतं, "मॅडम, हिच्यावर पुढचा भाग आहे का?"

'बालक-पालक'ची सुरुवात आठवते? चाळीतली ज्योतीताई. तिने 'शेण खाल्लं' म्हणून तिच्या घराला चाळ सोडावी लागते, आणि शेण खाणं म्हणजे नेमकं काय या कुतूहलातून पोरांची गोष्ट सुरू होते. पोरं गुपचूप व्हीसीआर भाड्याने आणतात, नको ते बघतात, गोंधळ घालतात, आणि आपण हसून हसून बेजार होतो. चित्रपट फार समंजस आहे, आईबापांना त्याने विचार करायला लावलं. पण चूक कोणाची काय ठरली ते पाहा. पोरांनी केलं त्याची पुढे हसत सांगायची आठवण झाली. ज्योतीताईने केलं त्यात तिचं बिऱ्हाड उठलं.

मुलीला मध्यभागी ठेवून आपण चित्रपट केले आहेत, नाही असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' १९९५ सालचा. जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरचा अमोल पालेकरांचा 'कैरी' २००० सालचा. दोन्ही मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, दर वेळी रडले आहे. मोठी कामं आहेत ती. पण बघा, मुलगी मध्यभागी आली की आपण लगेच रुमाल काढतो. ती पोरकी असते, ती विकली जाते, तिचं लग्न लावलं जातं. ती नुसती वेंधळी आहे, बढाईखोर आहे, गणितात नापास होऊन प्रगतिपुस्तकावर आजीचा अंगठा घेते, मैत्रिणीवर जळते, आरशासमोर पाऊण तास भाषण करते आणि प्रत्यक्षात माइकसमोर तिचा आवाज फुटत नाही, एवढंच तिचं आहे, असं कधी होत नाही. हे सगळं मुलाला माफ आहे. मुलीला या चुका करायला पडद्यावर जागाच नाही. तिची चूक नेहमी मोठी असते आणि तिची किंमत नेहमी जबर असते.

'सैराट'बद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या पोरींनी चालणं बदललं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात ठणकावून बोलते, आवडलेल्या पोराकडे आधी तीच बघते. ते काम करणारी रिंकू राजगुरू स्वतः तेव्हा शाळेत होती, अकलूजची. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला तेव्हा आमच्या शाळेत जणू आमचीच मुलगी पहिली आल्यासारखा आनंद होता. त्या चित्रपटाच्या पूर्वार्धात मुलगी हसते, हसवते, आणि सगळं चित्रगृह तिच्या बाजूने असतं. मध्यंतरानंतर काय होतं ते सांगायला नको. शेवटचं दृश्य संपल्यावर आम्ही दहा मिनिटं कोणी कोणाशी बोललो नव्हतो. नागराज मंजुळेंनी जे दाखवलं ते खरं आहे आणि ते दाखवायलाच हवं होतं. पण जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्यांदा पण गेले होते. इंटरव्हलला उठून आले." ती मध्यंतरालाच का उठली, याचा विचार मी अजून करते. तिला आर्ची जिवंत हवी होती, हे तर आहेच. मला वाटतं, तिला तो पूर्वार्धच पुढे चाललेला हवा होता.

तो पूर्वार्ध पुढे चालवा, एवढंच मागणं आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात घडतं काय? म्हणून त्या विद्यार्थिनीच्या पटकथेत ज्या समारंभाचा प्रसंग आहे तो सांगते. तो खरा आहे, कारण मी तिथे होते.

आमच्याकडे दहावीच्या मुली निरोप समारंभाला साडी नेसून येतात. कोणी सांगितलेलं नाही, पण वर्षानुवर्षं ते ठरून गेलेलं आहे. बहुतेकींची ती आयुष्यातली पहिली साडी. त्या वर्षी एका मुलीला मनोगत सांगायला निवडलं होतं. तिच्या घरात साडीवरून पंधरा दिवस चर्चा चालली होती. आईची लग्नातली नेसावी तर ती जड. मावशीची फिकट निळी हलकी, पण मावशी पाच मैलांवरच्या गावात, आणि मावशी साडी देईल पण स्वतः नेसवायला येईन म्हणेल, आणि मावशी आली की आजीशी तिचं वाजेल. आजीचं म्हणणं नऊवारी नेस, ती सुटत नाही. ब्लाऊज आईचा, त्याला दोन्ही बाजूंनी आत टाके घातलेले. धाकटा भाऊ मोबाइलवर साडी कशी नेसावी याचा व्हिडिओ लावून उभा, आणि तो व्हिडिओ नेमका निऱ्यांपाशी अडकायचा. वडील या कशात नव्हते. त्यांचं एकच वाक्य, "एवढं कशाला करायचं?"

समारंभाच्या दिवशी सकाळी ती घरातून निघाली ती आईच्या उंच टाचांच्या चपला घालून. आमच्या भागात मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी येते. मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत या बस चालतात, त्यातला आमचा एक. त्या बसची पायरी किती उंच असते ते साडी नेसलेल्या मुलीलाच कळतं. ती एका हाताने निऱ्या आणि एका हाताने दांडा धरून चढायच्या प्रयत्नात, खालून दोघी तिला ढकलतायत, वरून कंडक्टर ताई ओढतायत. तेवढ्यात मागून वडील धावत आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यात तिच्या रोजच्या सपाट चपला. काही बोलले नाहीत, पिशवी खिडकीतून आत दिली आणि परत वळले. हे मला त्या कंडक्टर ताईंनी नंतर सांगितलं.

समारंभात ती मनोगताला उभी राहिली. मी दरवर्षी पर्समध्ये सेफ्टी पिनांची पुडी ठेवते आणि फाटकापाशीच सगळ्यांना तपासते, पण तिच्या निऱ्या त्या दिवशी माझ्याही नजरेतून सुटल्या. तिसऱ्या की चौथ्या वाक्याला साडी कमरेपासून सुटायला लागली. तिला कळलं. आम्हांला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने डाव्या हाताने निऱ्या घट्ट पकडल्या, उजव्या हातात कागद, आणि बोलत राहिली. मग एक मुलगी उठली आणि जणू पाण्याचा ग्लास द्यायचाय अशा थाटात मंचावर गेली. दुसरी पुष्पगुच्छ घेऊन गेली, जो प्रमुख पाहुण्यांचा होता. तिसरी काहीच न घेता गेली. तिघींनी मिळून तिच्याभोवती कडं केलं, आणि त्या कड्याच्या आतून तिचं मनोगत पुढे चालू राहिलं. "या शाळेने आम्हांला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं" हे वाक्य ती बोलत होती तेव्हा एकजण खाली बसून तिच्या निऱ्या खोचत होती. मुख्याध्यापकांनी छताकडे बघितलं. मागे बसलेल्या आया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्यातल्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते नुसत्या हसण्याचं नव्हतं. कडं उघडलं, ती तशीच ताठ उभी होती, भाषण पूर्ण केलं. टाळ्या थांबेनात.

ती घरी गेली आणि तिने सगळं साभिनय सांगितलं. आजी म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, नऊवारी नेस म्हणून?"

आता सांगा, यात गोष्ट नाही? प्रेमप्रकरण नाही, खून नाही, पळून जाणं नाही. एक मुलगी आहे, तिला मोठं दिसायचंय. एक घर आहे, त्याला ती मोठी झालेली हवी आहे आणि नकोही आहे. वडिलांची ती पिशवी आठवा. त्या माणसाचं मन त्या पिशवीत होतं. आपल्या चित्रपटांत मुलीचा बाप कसा असतो? 'टाइमपास'मधले प्राजक्ताचे वडील पोरांनी 'शाकाल' म्हणून ओळखावेत असे. बाप म्हणजे दार अडवून उभा असलेला माणूस. मुलाच्या गोष्टीत तो अडथळा म्हणून ठीक आहे, कारण आपण दाराच्या बाहेर मुलाबरोबर उभे असतो. एकदा तरी दाराच्या आत या. आत तो बाप काय करतो ते बघा.

पालकसभेनंतर एक आई सांगत होती. मुलीची पाळी सुरू झाली तेव्हा आई नेमकी माहेरी गेलेली. घरात मुलगी, वडील आणि आजोबा. मुलीने धीर करून वडिलांना सांगितलं. ते लगेच सायकल काढून औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार निघाला त्यांचा शाळेतला मित्र. त्याच्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या, डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, बाम घेतला, खोकल्याचं औषध घेतलं आणि परत आले. पॅडचं पाकीट मागायची जीभच झाली नाही. अंगणात सायकल लावली, दोन मिनिटं उभे राहिले, पुन्हा सायकलवर टांग मारली आणि पुढच्या गावातल्या दुकानात गेले. एक मागायचं तर सहा पाकिटं घेऊन आले. त्या आईला सांगताना हसू आवरत नव्हतं, शेजारी बसलेल्या बायकांनाही. मला हसताना भरून आलं. त्या बापाला जगात कोणी काही शिकवलेलं नव्हतं. तो दुसऱ्यांदा सायकलवर बसला, इथे माझ्या मते आख्खा चित्रपट आहे.

दुसऱ्या देशांत हे झालेलं आहे. अॅनिमेशनपट करणाऱ्या पिक्सार कंपनीने २०२२ साली 'टर्निंग रेड' आणला. दिग्दर्शिका डोमी शी. कॅनडातलं टोरांटो, २००२ साल, चिनी कुटुंबातली तेरा वर्षांची मेई. तिची आई शाळेबाहेर झाडाआड लपून तिच्यावर नजर ठेवते, रखवालदाराने पकडल्यावर पॅडचं पाकीट उंच धरून तिला हाक मारते आणि सगळा वर्ग खिडकीतून बघत राहतो. मुलीला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. लहान मुलांच्या चित्रपटात हे आलं आणि आकाश कोसळलं नाही. माझ्या भाचीने आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो पाहिला.

त्याच्याही आधी, २००२ मध्ये, गुरिंदर चढ्ढांचा 'बेंड इट लाइक बेकहम' आला होता. लंडनच्या हाउन्स्लो भागातलं शीख पंजाबी घर, फुटबॉल खेळणारी जेस, थोरल्या बहिणीचं लग्न, गोल चपात्या यायला हव्यात म्हणून आईचा जीव खालीवर. जेसला तोकडी चड्डी घालून खेळायची लाज वाटते, कारण पायावर भाजल्याचा मोठा डाग आहे. तो डाग परमिंदर नागरा या अभिनेत्रीचा स्वतःचा होता. लपवण्यापेक्षा त्यांनी तो गोष्टीतच घेतला. आणि तिचे वडील! स्वतः नैरोबीत वेगवान गोलंदाज होते, इंग्लंडमध्ये आल्यावर क्लबात कोणी घेतलं नाही, तेव्हापासून बॅटबॉलला हात लावला नाही. मुलीला खेळू न देण्यामागे ती जखम आहे. शेवटी बहिणीच्या लग्नातूनच ते तिला अंतिम सामन्याला पाठवतात. ती जाते, खेळते आणि परत लग्नात येऊन नाचते. तिला घराशी नातं तोडावं लागत नाही, हे मला त्या चित्रपटात सर्वांत मोठं वाटतं. मुलगी जिंकते आणि घरही तिला राहतं. हे अशक्य नाही हे माझ्या मुलींना मराठीतून कोण सांगणार?

एक आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतला आहे, तो लिहिते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरतो तेव्हा दरवर्षी एखादा बाक रिकामा असतो. घरचे ऊसतोडीला गेले म्हणून कधी, आणि कधी लग्न उरकून टाकलं म्हणून. मी त्या घरांच्या पायऱ्या चढले आहे, हात जोडले आहेत, दोनदा यश आलं, बाकी वेळा नाही. तेव्हा मुलींचे प्रश्न गंभीर आहेत हे मला कोणी शिकवायला नको. पण ज्या मुलींची लग्नं लावली गेली त्यांची आठवण काढते तेव्हा मला काय आठवतं? एक मुलगी शिंकली की सलग सात वेळा शिंकायची आणि वर्ग मोजायचा. एकीला कविता पाठ व्हायची नाही म्हणून ती मधलं कडवं स्वतः रचून म्हणायची आणि ते कधी कधी बरं असायचं. त्या हसऱ्या होत्या, चावट होत्या. त्यांच्यावरच्या माहितीपटात हे येत नाही. आणि जे येत नाही तेच त्यांच्यापासून काढून घेतलं गेलं होतं. गावातल्या लोकांना बालविवाहावरचं पथनाट्य दाखवलं तर ते मान डोलावतात आणि घरी जातात. पण पंधरा वर्षांच्या पोरीसोबत दोन तास पोट धरून हसलेला बाप दुसऱ्या दिवशी आपल्या घरातल्या पोरीकडे जरा वेगळं बघेल, असं मला वाटतं. मी याची खात्री देऊ शकत नाही. पण मला वाटतं.

पैशांचं म्हणाल तर ते तुमचं क्षेत्र. तरी एक दिसतं ते सांगते. २०२१ मध्ये 'झिम्मा' आला, २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'. आमच्या गावातलं चित्रगृह बंद पडून तिथे आता मंगल कार्यालय आहे. तरी इथल्या बायकांनी गाडी ठरवली, सव्वा तास प्रवास करून जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या, नटूनथटून. ज्यांनी दहा वर्षांत चित्रगृह पाहिलं नव्हतं अशा होत्या त्यात. म्हणजे बायका स्वतःचं हसू बघायला येतात, हे सिद्ध झालेलं आहे. 'एलिझाबेथ एकादशी'मधली झेंडू लहान होती, 'झिम्मा'तल्या बायका मोठ्या. मधली पंधरा वर्षांची मुलगी तेवढी राहिली. तिला घेऊन या, तिची आई आपसूक येईल, आजीही येईल. २०२४ पासून सेन्सॉर प्रमाणपत्रात यूए ७+, १३+, १६+ अशा पायऱ्याही झाल्या आहेत, तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीने काय बघावं याचा अंदाज पालकांना पोस्टरवरच येतो.

आणि करालच तर काही गोष्टींची काळजी घ्या. मुलगी खरोखर पंधराची घ्या, चेहऱ्यावर पुटकुळ्या असलेली. पंचवीस वर्षांच्या मुलीला दोन वेण्या घालून बसवू नका, आमच्या पोरी पहिल्या मिनिटाला ओळखतात. तिला शेवटी सुंदर करू नका. चष्मा काढला आणि सगळे बघतच राहिले, असं नको. तिचे विनोद तिला करू द्या, तिच्या जाडीवर किंवा रंगावर दुसऱ्याने केलेले विनोद नकोत. ते आम्ही मधल्या सुट्टीत पुरेसे ऐकतो. ती कोल्हापूरची असेल तर कोल्हापुरी बोलू दे, चंद्रपूरची असेल तर तिकडचं. घर एका खोलीचं असेल तर त्या खोलीतच राहा. न्हाणीची कडी लागत नाही म्हणून आत गेल्यावर मोठ्याने गाणं म्हणावं लागतं, अशा घरात विनोद शोधायला जावं लागत नाही. लिहायला मुली घ्या. लिहिणाऱ्या खूप आहेत. एक तर माझ्या स्वयंपाकघरात लाडू खात होती.

तिने पटकथा बदललेली नाही. बदलू नकोस, असं मीही सांगितलं आहे. तिच्याकडे ती तयार आहे, बाड बांधून ठेवलेली. कोणाला वाचायची असेल तर मी निरोप पोचवीन.

आणि नुसतं वाचून भागणार नसेल तर इकडे या. आमचा निरोप समारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. कॅमेरा आणू नका, नुसते या. सकाळच्या निळ्या बसच्या थांब्यावर उभे राहा. ती पायरी, ते चढणं, खालून ढकलणाऱ्या, वरून ओढणाऱ्या, सगळं तिथेच दिसेल. मग मुलींच्या मागून चालत शाळेपर्यंत या. मी फाटकापाशीच असेन. पिनांच्या दोन पुड्या आणते या वर्षी.

आपली,
मराठीची एक शिक्षिका